मिडवे: नागुमो चूक, यामागुची बरोबर?

दुसऱ्या महायुद्धात जपान आणि अमेरिका यांच्यात झालेल्या मिडवेच्या लढाईचा विषय निघाला की जपानी विमानवाहू ताफ्याचा प्रमुख चुइची नागुमो आणि त्याच्या हाताखालचा सेनानी तामोन यामागुची यांची तुलना होतेच, आणि बहुतेक जण यामागुचीला झुकतं माप देतात. मला ते पूर्ण पटत नाही.

नागुमो टॉर्पेडो-युद्धातला जाणकार. विमानवाहू ताफ्याची सूत्रं एप्रिल १९४१मध्ये त्याच्याकडे आली ती मुख्यतः सेवाज्येष्ठतेमुळे. तरी पर्ल हार्बरचा हल्ला त्याच्याच हुकमतीखाली झाला, आणि एप्रिल १९४२मध्ये श्रीलंकेजवळ ब्रिटिशांची विमानवाहू नौका ‘हर्मिस’ त्याच्याच विमानांनी बुडवली. यामागुची प्रिन्स्टनमध्ये शिकलेला, स्वभावाने आक्रमक.

४ जून १९४२. अमेरिकी विमानवाहू जहाज दिसल्याची खबर आली तेव्हा यामागुचीने सुचवलं, तयार असतील ती विमानं लगेच सोडा. नागुमो थांबला. मिडवे बेटावर हल्ला करून परतलेल्या विमानांचं इंधन संपत आलं होतं, ती आधी उतरवायची होती. सोबत द्यायला लढाऊ विमानं पुरेशी नव्हती, आणि त्यांच्या संरक्षणाविना आलेल्या अमेरिकी विमानांची दाणादाण त्याने नुकतीच पाहिली होती. हा भित्रेपणा नव्हे. पण थोड्याच वेळात अमेरिकी हल्ल्यात ‘अकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ या जपानी विमानवाहू नौका पेटल्या. उरलेल्या ‘हिर्यू’वरून यामागुचीने अमेरिकी विमानवाहू ‘यॉर्कटाउन’ला जबर तडाखा दिला आणि शेवटी जहाजाबरोबरच तो बुडाला. नागुमोने जुलै १९४४मध्ये सायपान बेटावर आत्महत्या केली.

धाडसात यामागुची सरस, यात वाद नाही. नागुमोला दोष द्यायचाच तर त्या सकाळी एवढ्या अफाट समुद्रावर शोधासाठी जेमतेम ७ विमानं पाठवली, त्याचा द्यावा.