हायपरडबचा बास आणि दहा बाय बाराची खोली: आठ महिन्यांच्या ऐकण्यानंतर

हायपरडब या लंडनच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या लेबलचा कॅटलॉग विकत घ्यावा का? जरूर घ्यावा. पण मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो ऐकू यायला आधी खोलीकडे बघावं लागतं.

हे लेबल कोड नाइन, म्हणजे स्टीव्ह गुडमन, चालवतो. २००४ साली त्याच्याच रेकॉर्डनं ते सुरू झालं. खालच्या ध्वनीचा शरीरावर काय परिणाम होतो याचा त्यानं अभ्यास केलाय, त्यावरचं त्याचं पुस्तक २०१०मध्ये आलं. लेबलच्या डबस्टेपमध्ये, म्हणजे बासवर उभ्या असलेल्या नृत्यसंगीतात, तो अभ्यास ऐकू येतो. साधारण १४० बीपीएमचा (मिनिटाला १४०) ठोका, मधे भरपूर मोकळी जागा, आणि खरी, बासची चाल ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास. फोनच्या स्पीकरवर ती चाल जवळपास गायबच होते.

दहा बाय बारा फुटांच्या खोलीत गोची होते. बारा फुटांची लांबी ४७ हर्ट्झला घुमते, दहा फुटांची रुंदी ५६ हर्ट्झला. म्हणजे नेमका याच संगीताचा पट्टा. भिंतीला टेकून बसलात तर दोनच सूर ढोलासारखे फुगतात, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर तेच सूर नाहीसे होतात. दहा फुटी भिंतीपासून, खोलीच्या लांबीत, साधारण साडेचार फुटांवर बसा. घुमणारा सूर इक्वलायझरवर अरुंद पट्ट्यात ४-५ डेसिबलनं उतरवा. मध्यावरचा खड्डा मात्र वाढवून भरत नाही, उलट स्पीकरचीच दमछाक होते. पडद्यांनी या सुरांना काहीही होत नाही. पाच इंची वूफर असेल तर ५० हर्ट्झखाली फारशी अपेक्षा ठेवू नका. रात्री बंद कपांचे हेडफोनच वापरावेत, कारण रबरी पॅडनं स्टँडची धडधड कमी होते, पण बास भिंतीतून शेजाऱ्यांकडे जातोच.

याच लेबलवरच्या डीजे रशादचं फुटवर्क, म्हणजे शिकागोचं वेगवान नृत्यसंगीत, १६० बीपीएमला धावतं. खोली घुमत राहिली की लागोपाठचे किक (ड्रमचे खालचे ठोके) एकमेकांत मिसळून चिखल होतो. त्यासाठी तर हेडफोनच उत्तम.

खरेदी बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या साइटवरून फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फॉरमॅटमध्ये, करा. पाच मिनिटांचा ट्रॅक ३२० केबीपीएस एमपीथ्रीत १२ एमबी होतो, फ्लॅकमध्ये बहुधा तिपटीच्या आसपास, पण पुढे हवा तो फॉरमॅट त्यातून काढता येतो. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी सुरू करून घ्या, नाहीतर पेमेंट अडतं. बँकेचा चलनबदलाचा आकारही धरा. एरवी बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले १० ते १५ टक्के घेतं. बँडकॅम्प फ्रायडेला, म्हणजे त्यांनी जाहीर केलेल्या ठरावीक शुक्रवारी, हा वाटा सोडला जातो. तो दिवस पॅसिफिक वेळेनुसार असल्यानं आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होतो, हिवाळ्यात दीडला.

लेबलचा कलाकार बरियल मात्र फ्लॅकमध्येच घ्या. त्याच्या गाण्यांतली चरचर मुद्दाम घातलेली आहे. व्हिनाइलच्या तबकडीवर ती कुठली आणि खाचेतल्या धुळीची कुठली, हे कळेनासं होतं, आणि लोक विनाकारण सुई बदलत बसतात.

कोड नाइनच्या बारा इंची तबकड्यांना मात्र खरी मजा व्हिनाइलवर आहे. टर्नटेबल स्पीकरच्याच टेबलावर ठेवलंत तर बास सुईत परत शिरतो आणि गुंगुं सुरू होते, तेव्हा भिंतीत ठोकलेली वेगळी फळी हवी. जून ते सप्टेंबर कागदी आतल्या पिशव्यांना बुरशी धरते. आल्या आल्या त्या काढून प्लास्टिकच्या अस्तराच्या घाला, तबकड्या उभ्याच ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या दर दोन आठवड्यांनी बदला.