काटा हिरव्या पट्ट्यात, आत पावडर

आग विझवायचा सिलिंडर. स्टिकरवर सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू, क्षमता २ किलो. पिनला कोरं करकरीत सील, पुढे वायू बाहेर सोडणारा काळा कर्णाही बसवलेला. आत निघाली एबीसी पावडर, आग विझवायची कोरडी भुकटी, आणि हे कळलं ती मॉडेल जेटच्या, म्हणजे छोट्या हौशी विमानाच्या, टर्बाइन इंजिनात शिरल्यावर.

राग विकणाऱ्याचा येतोच, पण त्याहून जास्त स्वतःचा. त्या सिलिंडरला गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, होतं! हातात धरायच्या सीओटू सिलिंडरला गेज नसतं. वायू आत द्रवरूपात असतो आणि थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच राहतो, २० अंशांना साधारण ५७ बार. गेज दाखवणार काय, कपाळ? हे माहीत असूनही काटा हिरव्या पट्ट्यात दिसला आणि उलट निर्धास्त वाटलं. कर्णा, सील, स्टिकर सगळं जागच्या जागी असताना गेजवर संशय कोण घेतो? घ्यायला हवा होता. पत्राही पातळ होता. सीओटूची टाकी जाड पोलादाची, हाताला चांगलीच जड लागते.

पावडरने आग विझली, त्यात खोट नाही. पण एबीसी पावडरमधलं अमोनियम फॉस्फेट १९० अंशांच्या आसपास वितळतं आणि गरम भागांवर चिकट थर धरतं. पुढे तो दमट हवेतलं पाणी ओढतो आणि धातू खातो. बेअरिंगला वंगण मिळतं ते इंधनात मिसळलेल्या तेलातून. त्या ओलसर तेलात पावडर बसली की मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणारं बेअरिंग संपलंच. वरवर पुसून चालवू नका, पूर्ण खोलावं लागतं.

खरा सीओटू मागे काही ठेवत नाही, म्हणून तर तो घ्यायचा. पण २ किलो जेमतेम ८-१० सेकंद पुरतो. इंजिन पेटलं की आधी इंधनपंप बंद. आग फक्त टेलपाइपमध्ये, म्हणजे मागच्या धुराच्या नळीत, असेल तर इंजिन फिरवणारा स्टार्टर फिरता ठेवा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाहीच विझली तर पुढून, हवा आत जाते तिथून, छोटे छोटे फवारे. मागून मारलात तर ज्वाळा विमानाच्या पोटात ढकलाल. कर्णा उघड्या हाताने धरू नका, गारठ्याने कातडी भाजते. लिथियम बॅटरी पेटली तर सीओटूवर भिस्त नको, गवत पेटलं तर त्यासाठी पाण्याचा सिलिंडर वेगळा ठेवा. फसलेल्या स्टार्टनंतर नाक वर करून साचलेलं केरोसीन टेलपाइपमधून काढून टाका. पुढच्या स्टार्टला भडका उडतो तो त्याचाच.

त्याच विक्रेत्याकडून भरून आणलेला दुसरा सिलिंडर मग वजनकाट्यावर ठेवला. रिकामं वजन ५.२ किलो कोरलेलं, म्हणजे ७.२ भरायला हवं. भरलं ६.१. पैसे २ किलोचे, वायू ९०० ग्रॅम! १० टक्क्यांहून जास्त घट असेल तर सिलिंडर परत भरायचा असतो. इथे निम्म्याहून जास्त गायब. (कोरलेल्या वजनात व्हॉल्व्ह, नळी, कर्णा धरलेत का, ते आधी विचारा, नाहीतर विक्रेता तिथेच निसटतो.) आणि वजन करायचं ते पैसे देण्याआधी, त्याच्यासमोर.

तक्रारीचं तर विचारूच नका. अग्निसुरक्षेवाले म्हणाले, वजनाचा प्रश्न आमचा नाही, वजनमापांकडे जा. वजनमापांच्या खिडकीवर उत्तर मिळालं, सील तुटलंय, आता काय मोजणार? सील तोडल्याशिवाय आत पावडर आहे हे दिसणार कसं, यावर खिडकीतून नुसतं बघणं. ग्राहक तक्रारीच्या टेबलावर स्टिकरचा फोटो, पावती, वजनाची चिठ्ठी तीनदा दिली आणि तिन्ही वेळा नव्याने अर्ज भरायला लावला. शेवटी एका साहेबांनी विचारलं, "आग विझली ना? मग तक्रार कशाची?" अर्जावर शेरा पडला: निकाली.

गेजवाला सिलिंडर अजून ठेवलाय, पावडरीसकट. विक्रेत्याचा दोनदा निरोप आला: घेऊन या, फुकट भरून देतो.