समांतर रेषा भेटतात कुठे? रूळ की टॉर्च

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ‘अनंतावरचा बिंदू’ (समांतर रेषा जिथे भेटतात असं मानतात, तो) सांगायला माझ्याकडे दोन वाटा आहेत. पहिली रेल्वेच्या रुळांची. पुलावरून पाहिलं की दूरवर रूळ चिकटलेले दिसतात, मुलं लगेच मान डोलावतात. पण मग हमखास प्रश्न येतो, “तिथे गाडी अडकत नाही का?” दिसणं आणि असणं यांतली गल्लत निस्तरण्यातच तास संपतो.

टॉर्चचं तसं नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च भिंतीवर सरळ धरा: वर्तुळ. तिरका करा: लंबगोल. तो ताणत जातो, आणि उजेडाच्या शंकूची कड भिंतीला समांतर झाली की त्याचं टोक उघडतं. हा अन्वस्त (पॅराबोला). “टोक कुठे गेलं?” अनंतावर! खगोलशास्त्रज्ञ केप्लरनेही १६०४ मध्ये अन्वस्ताची दुसरी नाभी (लंबगोलाच्या आत असे दोन खास बिंदू असतात) तिथेच मानली होती. आणखी कलवलं की अपास्त (हायपरबोला). प्रक्षेपी भूमितीत, म्हणजे आकाराची सावली पाडली की काय बदलतं नि काय टिकतं ते पाहणाऱ्या भूमितीत, हे सगळे एकाच वक्राचे अवतार, आणि ते मुलांनी स्वतःच्या मनगटाने घडवलेले असतात. म्हणून मला टॉर्चच जास्त आवडतो.

फक्त टॉर्चच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी गुंडाळा, कड स्पष्ट दिसते. रूळ प्रवासातल्या गप्पांसाठी ठेवा.