आठ महिने, दहा ठोकळे, त्यातला एक हरवलेला: जीडीक्यूएस अ‍ॅपचा अनुभव

सातवा ठोकळा गेला. जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर आहाराच्या सर्वेक्षणाची मुलाखत चालू असताना घरातल्या नातवाने खेळायला उचलला. मग गोठा, परसदार, कोंबड्यांचं खुराडं, सगळं पालथं घातलं तरी सापडला नाही. त्याच चिडचिडीत हे लिहितेय, हे आधीच सांगते.

जीडीक्यूएस म्हणजे ग्लोबल डाएट क्वालिटी स्कोअर, माणसाचा आहार किती चांगला ते सांगणारा आकडा. त्यावर काम केलेल्यांना पद्धत माहीत आहेच, बाकीच्यांसाठी थोडक्यात. काल दिवसरात्रीत काय काय खाल्लं ते विचारायचं, अ‍ॅप ते २५ गटांत टाकतं, मग लहानापासून मोठ्यापर्यंत दहा घनाकृती ठोकळे समोर मांडून गटागटाने ‘यातल्या कितव्याएवढं?’ असं विचारायचं. शेवटी ० ते ४९ मधला एक आकडा. २३ किंवा वर असेल तर पोषण कमी पडण्याचा आणि आहारामुळे होणाऱ्या आजारांचा धोका कमी, १५ च्या खाली असेल तर जास्त.

आधीच्या प्रकल्पात मी वाट्या-चमच्यांचा संच घेऊन हिंडलेली. शिजवलं किती, कच्चं किती, कुणाच्या ताटात किती पडलं. एका घरात तास जायचा. इथे पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. तरी पहिले दोन महिने मी या ठोकळ्यांना शिव्याच घातल्या. आपल्याकडे माप म्हणजे वाटी, पळी, मूठ, पसा. एका काकूंनी मेथीची भाजी सांगितली आणि ठोकळे बघून म्हणाल्या, “मॅडम, भाजी चौकोनी कधीपासून झाली?” काय सांगणार?

मत बदललं ते एका आजींमुळे. माझं समजावणं बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, “म्हंजी उंडा करून बघायचा व्हय?” बस. तेव्हापासून मी तसंच विचारते: काल खाल्लेली सगळी पालेभाजी एकत्र दाबून उंडा वळला, तर तो यातल्या कितव्याएवढा? भाकरी थापणाऱ्या हाताला हा अंदाज पक्का असतो. पुरुषांचं मात्र अवघड. भाजीत काय होतं म्हटलं की मान चुलीकडे वळते, “हिला विचारा.”

आता कूट. याच्यावर मी बोलणार, कंटाळलात तरी. दाणे ‘कठीण कवचाची फळं आणि तेलबिया’ या गटात जातात. दिवसाला १३ ग्रॅमच्या वर गेलं की पूर्ण ४ गुण, ७ च्या खाली शून्य. १३ ग्रॅम म्हणजे चहाचे तीनेक चमचे कूट. आमच्या भागात वांग्यात कूट, भेंडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट; पण आपणहून एकही बाई सांगत नाही. “त्यात काय सांगायचं, ते असतंच.” पहिल्या महिन्यातल्या माझ्या नोंदींत दाणे खाणारं जवळजवळ कुणी नाही, नंतरच्या महिन्यांत निम्मं गाव! गाव तेच, खाणं तेच, फक्त मी विचारायला शिकले. पहिल्या महिन्यातली घरं परत करावी लागली, आणि त्या फेऱ्यांचं पेट्रोल कुणी दिलं नाही.

भाताचं उलटं. मैदा, पांढरा भात या गटात ३३ ग्रॅमच्या पुढे गेलं की शून्य गुण. एक वाटी भात खाणारी आणि तीन वाट्या खाणारी दोघी सारख्याच. कोकणात हे वापरायचं असेल तर आधी विचार करा.

आहार मोजायची आणखी एक प्रश्नावली आहे, होय-नाहीच्या २९ प्रश्नांची, डीक्यूक्यू (डाएट क्वालिटी क्वेश्चनेअर); ती पाच मिनिटांत होते आणि ठोकळ्यांची कटकट नाही. घाई असेल तर तीच घ्या. पण तिथे चमचाभर आणि ताटभर यांत फरक कळत नाही, आणि मला तोच हवा होता.

तर सातवा ठोकळा. शहरातल्या एका थ्रीडी छपाईच्या दुकानाने एका ठोकळ्याचे साडेसहाशे सांगितले, वर “दहा घेतले तर स्वस्त पडेल.” दहा कशाला? नऊ आहेत की! प्रकल्पाच्या कार्यालयाने मागणीपत्र भरायला सांगितलं; दीड महिना झाला, ते अजून टेबलावर आहे. शेवटी गावातल्या सुताराकडून सागाच्या तुकड्याचा करून घेतला, ऐंशी रुपये. मापं माझ्याकडे होतीच. पहिला नमुना बाजूला दोन मिलिमीटरने मोठा निघाला. सुतार म्हणाले, “ताई, दोन मिलिमीटरनं काय होतंय?” ठोकळ्यात होतं. तीन सेंटिमीटरची बाजू दोन मिलिमीटरने वाढली की घनफळ २१ टक्क्यांनी फुगतं, आणि कुणाच्या तरी ताटात न खाल्लेली पालेभाजी येऊन बसते. दुसऱ्या खेपेला त्यांनी घासून बरोबर दिला, पैसे वाढवले नाहीत.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापलाय तो सुटा ठोकळा सहज मिळत नाही म्हणून, एक भातासाठी. कूट विचारायचं राहिलं ती चूक माझी, त्याचे कापत नाही. आता मुलाखत संपली की आधी ठोकळे मोजते, मग चहा घेते. सागाचा सातवा बाकीच्यांपेक्षा जड आहे, आणि मुलं नेमका तोच उचलतात.