किडेपोची सफारी: जंगल अस्सल, जाहिरात उसनी

युगांडाच्या ईशान्य टोकाला, दक्षिण सुदान आणि केनियाच्या सीमांलगत असलेले किडेपो व्हॅली राष्ट्रीय उद्यान आपल्याकडच्या सहलींत क्वचितच दिसते. त्यामुळे कोल्हापुरातील एका पर्यटन कंपनीने केनियातील मसाईमाराऐवजी त्याची निवड केली, याचे कौतुक करायला हवे. मात्र तिच्या माहितीपत्रकात ‘बिग फाइव्ह’ची (सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा या पाच प्राण्यांच्या दर्शनाची) हमी छापलेली आहे, ती सरळसरळ चुकीची आहे. किडेपोत गेंड्याची हमी देता येत नाही. युगांडातील रानटी गेंडे १९८३ पर्यंत शिकारीपायी संपले होते. केनियाच्या सहलीचा मजकूर जसाच्या तसा उचलला असावा, अशी शंका येते.

खरे तर या १,४४२ चौरस किलोमीटरच्या उद्यानाला अशा उसन्या जाहिरातीची गरजच नाही. किडेपो नदी वर्षातील बहुतेक काळ कोरडी असते, त्यामुळे तिच्या पात्रात ताडांच्या रांगांमधली नुसती वाळू दिसते. उलट नारुस खोऱ्यात कोरड्या हंगामातही पाणी टिकते आणि प्राणी तिकडे एकवटतात. दाजीपूरला दाट झाडीतून गव्याची पाठ दिसली तरी समाधान मानणाऱ्या आम्हा मंडळींसमोर येथे रानम्हशींचे शेकड्यांचे कळप उघड्या माळावर उभे होते. त्यांच्या पाठीवरून, मानेवरून, थेट कानात चोच घालून गोचिडी टिपणारे पक्षी दुर्बिणीशिवाय दिसत होते. सिंह खडकांवर चढून बसतात, हे बंदूकधारी वनरक्षकाने आधीच सांगितले होते आणि त्याने गाडी नेमकी तेथेच नेली. शहामृगही पाहिले, चित्ता दिसला नाही, पण त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार प्रवासाची आहे. मुंबईहून युगांडातील एंटेबेला थेट विमान असले, तरी पुढे राजधानी कंपालापासून सुमारे पावणेसहाशे किलोमीटरचा रस्ता एकाच दिवसात उरकण्याचा हट्ट ज्येष्ठांसाठी त्रासदायक ठरला. वाटेतल्या गुलू शहरात मुक्काम ठेवणे सहज शक्य होते. जेवण साधे पण वेळेवर मिळाले. पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचे प्रमाणपत्र युगांडात शिरताना आणि भारतात परततानाही लागते, तसेच ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते, हे कंपनीने आरक्षणाच्या वेळीच बजावले होते, ही व्यवस्था चोख होती.

जाणाऱ्यांनी डिसेंबर ते मार्चमधील कोरड्या हंगामाचीच तारीख घ्यावी आणि गुलूचा मुक्काम पैसे भरण्यापूर्वी लेखी मान्य करून घ्यावा.