पावसाळ्यात महाबळेश्वर की पाचगणी?

दोन्ही गावं सह्याद्रीच्या एकाच डोंगररांगेवर, मध्ये जेमतेम 19 किलोमीटर. उंचीही दोन्हीकडे 1,300 मीटरच्या आसपास. पण पाऊस बघा! महाबळेश्वर पडतं घाटमाथ्याच्या काठावर, त्यामुळे अरबी समुद्रावरून आलेले ढग आधी तिथेच रिते होतात. वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त! पाचगणी त्याच्या पूर्वेला, तिथे निम्म्याहूनही कमी. जुलैत महाबळेश्वरात पाऊस अडवायला घरांच्या भिंतींना बाहेरून गवताच्या झड्या (ताट्या) बांधलेल्या असतात, तरी दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. पाचगणीत टेबललँड पठाराच्या जांभ्या दगडावर थोडं थांबलं की धुकं विरतं आणि खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी लख्ख दिसतं. सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर पाचगणीच गाठा. मला मात्र कौलांवरचा तो अखंड आवाज हवा असतो; मी महाबळेश्वरलाच जातो.