लोड टेस्टिंग टूल्स: बरेच महिने वापरल्यावर, पी-९९ वर विश्वास ठेवायचा का?

जेमीटर, के-सिक्स, लोकस्ट (सर्व्हरवर मुद्दाम ढीगभर रिक्वेस्ट सोडून तो किती झेपतो ते बघायची टूल्स) काय आहेत ते सगळ्यांना माहितीये, फीचर्स सांगत बसत नाही. लिहायला बसलो कारण एका पेड क्लाउड सर्व्हिसवाल्यांशी (नाव नाही घेत) नुकतंच वाजलं. टेस्ट चालू असताना डेटाबेसमध्ये लॉक लागला, सर्व्हर काही सेकंद पूर्ण गप्प, आमच्या लॉगमध्ये स्वच्छ दिसतंय, आणि यांच्या रिपोर्टमध्ये पी-९९ (ज्या वेळेच्या आत १०० पैकी ९९ रिक्वेस्टना उत्तर मिळतं तो आकडा) हिरवागार! सपोर्टला विचारलं तर म्हणे अ‍ॅव्हरेज चांगला आहे ना. अहो पण अ‍ॅव्हरेज विचारलाच कुणी? वर बिल पूर्ण लावलं. बंदच केलं मग ते.

आता मुद्दा नीट सांगतो, कारण टूल निवडताना मी आधी हेच बघतो, बाकी सगळं नंतर. समजा सेकंदाला १०० रिक्वेस्ट, ६० सेकंद, म्हणजे ६०००. मधे सर्व्हर १० सेकंद अडकला. एकच कनेक्शन असलेलं टूल उत्तर येईपर्यंत पुढची रिक्वेस्ट पाठवतच नाही, म्हणजे त्याच्याकडे ५००० फास्ट आणि फक्त एक स्लो अशी नोंद होते, पी-९९ मस्त. खरे यूजर्स थोडीच थांबतात, त्या १० सेकंदांत आणखी १००० जण येऊन ताटकळले असते, आणि ते धरले तर पी-९९ जातो ९.४ सेकंदांवर. सर्व्हर तोच, टेस्ट तीच! याला कोऑर्डिनेटेड ओमिशन म्हणतात, गिल टेने यांनी हे खूप वर्षांपूर्वी मांडलंय, आणि त्यांनीच डब्ल्यूआरके-टू हे टूल काढलं ज्यात रेट (सेकंदाला किती रिक्वेस्ट) द्यावाच लागतो आणि लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) रिक्वेस्ट जायला हवी होती तेव्हापासून मोजतात. साधं डब्ल्यूआरके जबरदस्त फास्ट आहे पण या बाबतीत भरवशाचं नाही.

सध्या के-सिक्सवर आहे. स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये, गिटमध्ये नीट राहते, डिफ वाचता येतो (जेमीटरची एक्सएमएल फाइल रिव्ह्यू करणं म्हणजे शिक्षाच). पण ते नोड.जेएस नाहीये, एनपीएमची (नोडच्या लायब्ररींचं भांडार) पॅकेजेस सरळ चालत नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे नुसते व्हीयू (व्हर्च्युअल यूजर) आणि ड्युरेशन दिलं तर हेही उत्तराची वाटच बघत बसतं, कॉन्स्टंट-अरायव्हल-रेट एक्झिक्युटर (उत्तराची वाट न बघता ठरलेल्या रेटनं रिक्वेस्ट सोडणारा) मुद्दाम निवडावा लागतो. निवडल्यावर रिपोर्टमधला ड्रॉप्ड इटरेशन्सचा (सुरूच न झालेल्या फेऱ्यांचा) आकडा बघितल्याशिवाय टेस्ट पास म्हणू नका. तो वाढलेला असेल तर व्हीयू कमी पडलेत, रेट गाठलाच गेला नाही, म्हणजे परत तेच दुखणं.

लोकस्ट पायथनवाल्यांना आवडेल, फार लिहीत नाही. एबी (अपाचे बेंच) फक्त सर्व्हर जिवंत आहे का बघायला.

जेमीटरबद्दल मात्र मत बदललंय. आधी मी सरळ नको म्हणायचो, एका यूजरला एक थ्रेड, मेमरी खातं, जीयूआय मोडमध्ये लोड मारला तर स्वतःच आडवं होतं. पण २०२२ च्या ५.५ मध्ये ओपन मॉडेल थ्रेड ग्रुप आलाय, रेट देता येतो, आणि ब्राउझरमधून फ्लो रेकॉर्ड करणं, जेडीबीसीनं (जावातून डेटाबेसशी बोलायची पद्धत) थेट डेटाबेसवर मारा करणं हे इतकं आयतं दुसरीकडे नाही मिळालं. एक्सपेरिमेंटल म्हणून आलेलं फीचर आहे, पण माझ्याकडे नीट चाललंय. फुकट आहे, कमांड लाइनवरून चालवा, हीप (जावाला दिलेली मेमरी) वाढवा, काम होतं.

अजून एक, कुठलंही टूल घ्या, लोड मारणाऱ्या मशीनवर आधी नजर ठेवा. लिनक्सवर बाहेर जाणारे पोर्ट डिफॉल्टला ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे साधारण २८ हजार, कीप-अलाइव्ह (तेच कनेक्शन परत वापरणं) नसेल तर टाइम-वेटमध्ये (बंद कनेक्शनचा पोर्ट थोडा वेळ राखून ठेवणं) अडकून ते संपतात, सीपीयू शंभरावर गेला तरी लेटन्सी फुगते, आणि बिचाऱ्या अ‍ॅप टीमला विनाकारण बोलणी बसतात.